जास्तीचा ठिपका

भंगारवाला सैपन कटर घेऊन आला
तेव्हा अकरा वाजले होते, पत्रे तापले होते.
अक्कलकोट रोडच्या या शेडमधे सोळा माग.
पंधरा गेले किलोच्या भावानं.
सोळावा माझा. म्हणजे शेठचाच.
सव्वीस वर्षं मी त्याच्यापुढं उभा राहिलो,
एवढंच माझं.

खालची फळी उचलली तर
तेल आणि धुळीच्या मधे
मुठीएवढा एक गोळा.
सैपन म्हणाला, वेस्टेज आहे अण्णा, झाडून टाकू.
मी म्हणालो, थांब बे.
गोळा श्वास घेत होता.

चार पिल्लं. डोळे मिटलेले,
बोटाच्या पेराएवढी, गुलाबी.
आणि घर सुताचं.
मी उकिडवा बसलो, चष्मा लावला.
हा मेंदी रंग दिवाळीच्या ऑर्डरीतला.
हा पिवळा, पहिल्याच धुण्यात सुटलेला;
सगळा माल परत आला होता.
हा निळा शेवटच्या बीमचा,
त्यानंतर बीम चढलाच नाही.
मी विणलं ते कुणाच्या अंगावर गेलं, कुठं विरलं,
मला कधी कळलं नाही.
हे तेवढं इथंच राहिलं होतं,
माझ्या पायाखाली, धाग्यात धागा घालून.

खोटं कशाला बोलू,
मी उंदीर मारलेत.
पिठाच्या गोळीत औषध घालून,
पिंजऱ्यासकट बादलीत बुडवून.
रात्रीतून ताणा कुरतडला की
सकाळचे दोन तास तारा जोडण्यात जायचे
आणि शनिवारी पगारातून दीडशे.

एकदा तर जकार्डचं कार्डच खाल्लं एकानं.
नको तिथं भोक पडलं
आणि मोराच्या मानेवर
एक जास्तीचा ठिपका उमटला.
चाळीस चादरी उतरल्यावर शेठच्या नजरेस आलं.
शिव्या मी खाल्ल्या.
त्यातली एक चादर मला दिली, पैसे कापून.
नागमणी अजून तीच पांघरते.
म्हणते, सोलापुरात मोर काय कमी आहेत,
पण हा लगेच ओळखू येतो, आपला.

पिल्लांची आई चाकामागं होती.
पळाली नाही. नुसती थरथरत होती,
सगळे माग चालू असताना
जमीन थरथरायची, तशी.

माझी अम्मा उंदराला एलुका म्हणायची.
अम्मा गेल्यापासून तो शब्द
माझ्या तोंडात आला नव्हता.
आज आला, हळूच.
सैपननं वळून पाहिलं.

तिला काहीतरी सांगावं असं वाटत होतं.
काय सांगणार?
मलाही कुणी आधी सांगितलं नव्हतं.
फोन आला, तोही शेठच्या मुलाचा,
दीड मिनिटाचा.

यांचे डोळे किती दिवसांत उघडतात रे?
मला काय ठाऊक अण्णा, सैपन म्हणाला,
मी लोखंडातला माणूस.
पण कटर त्यानं खाली ठेवला
आणि दोन्ही हातांनी फळी परत बसवली,
काचेची असल्यासारखी.

मग असं ठरलं,
वरचा सांगाडा आज, खालचा पंधरा दिवसांनी.
टेम्पोची दुसरी खेप, तीनशे रुपये.
शेठ देणार नाही म्हणाला.
मी दिले.
दीडशे दुणे तीनशे,
हिशेब मनात आपोआप झाला.
जाताना डब्यातली अर्धी भाकरी
फळीजवळ चुरून ठेवली,
मग वाटलं मुंग्या येतील, परत वेचली,
मग पुन्हा ठेवली.

घरी काही बोललो नाही.
नागमणी विड्यांचे कट्टे बांधत होती,
तिचेही हजार पुरे व्हायचे होते.

रात्री वारा पडलेला, अंगाची काहिली.
तरी तिच्या बाजूची चादर थोडी ओढली
आणि अंधारात बोटानं चाचपत राहिलो,
पिसारा, पाठ, मान.
सापडला.